डाव्या पायावर या!

पहिल्याच दिवशी अष्टपुत्रे बाईंनी मला विचारलं, "आपण बॉल मारताय की झुरळ?"

माझ्या हातात भाड्यानं मिळालेली गोल्फची काठी होती. पायाशी हिरव्या मॅटवर पांढरा बॉल होता, आणि बरेच वार होऊनही तो जागचा हलला नव्हता. मागं वळून पाहिलं तर सुती सलवार-कुडता, कॅनव्हासचे पांढरे बूट आणि कपाळावर झडप असलेली टोपी घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. मला वाटलं, कुणाची तरी आजी नातवाला न्यायला आली असेल.

"बॉल," मी म्हणालो.

"मग त्याच्यावर एवढा राग कशासाठी? अंग आखडून, दात-ओठ खाऊन मारताय. त्यानं काय केलंय तुमचं?"

त्यानं खरंच काही केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते आमच्या कंपनीतल्या नव्या साहेबानं. मी मूळचा अमरावतीचा. नोकरी पुण्यात, घर वाघोलीत. हा नवा साहेब गोल्फ खेळायचा, आणि तो आल्यापासून ऑफिसातल्या सगळ्यांनाच एकाएकी गोल्फची आवड निर्माण झाली होती. वाघोलीतच, नगर रस्ता सोडून आत गेलं की एक ड्रायव्हिंग रेंज निघाली होती. रेंज म्हणजे खरं मैदान नव्हे. एका रांगेत मॅट टाकलेल्या, त्यावर उभं राहायचं आणि समोरच्या मोकळ्या रानात बॉल मारत सुटायचं. पूर्वी तिथं कांदा व्हायचा. तिन्ही बाजूंना जाळी, अलीकडे मॅटच्या रांगेच्या कडेला पत्र्याची शेड, आणि पार टोकाला सिमेंटच्या खांबांवरची पाण्याची टाकी. शनिवार-रविवारी सकाळी इथं शिकवायला बाई यायच्या, त्याही थेट धायरीहून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून.

मी त्यांना 'मॅडम' म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम बँकेत असतात. मला बाई म्हणा."

नाव अष्टपुत्रे आणि घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांचे यजमान. मूल नव्हतं. कुणी चाचरत विचारलंच, तर त्याच सांगून मोकळ्या व्हायच्या, "आठ पूर्वजांना झाले. कोटा संपला."

मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गोल्फशी गाठ पडली ती निवृत्तीच्या आधी, एका सुट्टीतल्या शिबिरामुळे. शाळेच्या मुलींना गोल्फ दाखवायला न्यायचं होतं आणि सोबत कुणीतरी बाई हवी होती. "तिथले कोच मुलींना शिकवत होते आणि मी झाडाखाली बसून चुका काढत होते," बाई सांगायच्या. "मोठ्यानं काढत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, तुम्हीच शिकवा. म्हटलं, आधी मला शिकवा, मग शिकवते." आणि त्या बिचाऱ्या कोचनं खरोखरच शिकवलं. पुढं कित्येक वर्षं बाई त्यांच्याकडे जात राहिल्या. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका निवृत्तीनंतर भजनी मंडळात गेल्या. बाई काठी घेऊन रेंजवर आल्या.

काठी मात्र एकच. जुन्या इरकली साडीची खोळ शिवून ती त्यात घातलेली असायची. बसमध्ये शेजारचं कुणीतरी विचारायचंच, "आजी, हे काय आहे?"

"काठी."

"एवढी लांब? कशाला?"

"वेळ आली तर दाखवते."

बाईंकडे शिकायला आलेल्या माणसाला पहिले कित्येक दिवस बॉल मिळायचा नाही. काठीही नाही. दोन्ही हात छातीवर बांधून नुसतं उभं राहायचं आणि वळायचं. उजवीकडे वळताना अंगाचा भार उजव्या पायावर घ्यायचा. परत येताना आधी भार डाव्या पायावर टाकायचा, मग कंबर वळवायची, मग खांदे. हात सगळ्यात शेवटी. भार असा हलवण्याला बाई 'वेट शिफ्ट' म्हणायच्या, वळण्याला 'बॉडी टर्न'. "हात हे पाहुणे आहेत," बाई म्हणायच्या. "घर झाडून झाल्यावर त्यांना बोलवायचं. तुम्ही आधी पाहुणे बोलावता आणि मग केरसुणी शोधता."

आम्ही सगळे दिवसभर खुर्चीत बसणारे. कंबर नावाचा अवयव पट्टा बांधण्यासाठी असतो, एवढीच आमची समजूत. बाई रांगेतून हात मागं बांधून फिरायच्या. "अहो, कमरेला कुलूप लावलंय का? किल्ली घरी विसरलात?" एखादा वळायच्या ऐवजी नुसताच उजवीकडे सरकला की त्याच्यापाशी थांबायच्या. "सरकताय कशाला? ही काय बसची सीट आहे? कुणाला जागा द्यायचीय?" आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकू यायची ती हाक, शाळेच्या मैदानावर कमावलेल्या आवाजातली, टाकीपर्यंत पोचणारी, "डाव्या पायावर या!"

कारण आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण मारण्याच्या क्षणी मागं, उजव्या पायावर रेलायचा. बॉल वर उडावा म्हणून आपणच मागं झुकायचं, असं सगळ्यांना मनातून वाटतं. बाईंना या गोष्टीचं भारी नवल वाटे. "सगळं सामान पुढं पाठवायचं आणि स्वतः फलाटावर राहायचं, असा तुमचा प्रवास. बॉल जाणार कसा?"

सांगून काही होत नाही म्हटल्यावर एका रविवारी त्यांनी बादली आणली. गवताला पाणी घालायच्या नळावर ती अर्धी भरली आणि आमच्या कंपनीतल्या तिघांना ओळीनं उभं केलं. इस्त्रीचे टी-शर्ट, नवे बूट, हातात बादली.

"समोरच्या मॅटवर सडा टाका."

मी हातांनी बादली उडवली. सगळं पाणी माझ्याच बुटांवर.

"बूट स्वच्छ झाले. भरा पुन्हा."

माझ्या शेजारी आमच्या टीममधला एक दिल्लीकर होता. त्याच्यासाठी बाईंनी हिंदी काढली, "अरे बाबा, पानी फेकनेका है. तुम सोड रहा है." त्यानं जोर लावला तर पाण्याऐवजी बादलीच सुटली आणि गडगडत रानात गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "ये भी नहीं सोडनेका."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला एकदम आमच्या अमरावतीच्या घरासमोरचा मातीचा ओटा आठवला. माझी आई सकाळी बादली घेऊन उभी राहायची, कमरेतून वळायची, आणि पाण्याची लांबच लांब चादर अंगणभर पसरायची. तिचे हात कधी दमलेले मी पाहिले नाहीत. मी तसाच उभा राहिलो, उजवीकडे वळलो, आणि डाव्या पायावर येता येता बादली जाऊ दिली. पाणी सरळ निघालं, मॅट ओलांडून पलीकडे गेलं आणि पावतीपुस्तक घेऊन येत असलेल्या रेंजच्या मॅनेजरवर जाऊन पडलं.

मॅनेजर काहीतरी बोलणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "हालचाल वाईट नाही. दिशा तेवढी बघा."

'वाईट नाही' ही बाईंची सर्वांत मोठी शाबासकी. त्यापुढं त्यांच्या कोशात शब्दच नव्हता.

रेंजची जागा ज्यांची होती त्यांना सगळे अण्णा म्हणत. तिथलेच, वाघोलीचे. पांढरे शुभ्र कपडे, भरदार पोट आणि छातीवर सोन्याच्या साखळीत तळहाताएवढं लॉकेट, त्यावर देवाची मूर्ती. बरेच दिवस ते लांबूनच हा प्रकार बघत होते. एका सकाळी मॅटवर येऊन उभे राहिले.

"बाई, ते वळायचं-बिळायचं ऱ्हाऊ द्या. आपलं सरळ हाय. आपल्याला त्या टाकीच्या पल्याड घालवायचा हाय."

"कुणाला?"

"बॉलला वो!"

"मारा."

अण्णांनी मारला. दंडात ताकद दांडगी होती, पण छाती आणि पोट समोरच्या समोर. बॉल तिरका जाऊन पत्र्याच्या शेडवर असा आदळला की आतले दोघं चहा टाकून बाहेर आले. दुसराही तिथंच. तिसऱ्याच्या वेळी ते दोघं आधीच बाहेर येऊन उभे राहिले.

बाई अण्णांच्या समोर आल्या. "तुमच्या लॉकेटवरचा देव आत्ता कुठं बघतोय?"

अण्णा गोंधळले. मान खाली घालून म्हणाले, "बॉलकडं."

"मघापासून तो बॉलकडेच बघतोय. कंटाळला असेल. त्याला जरा फिरवून आणा. आधी उजवीकडची ती बाभूळ दाखवा, मग समोरची टाकी दाखवा. बॉलचं तुम्ही बघू नका, तो बघून घेईल."

देवाचाच प्रश्न आल्यावर अण्णांनी मनापासून केलं. लॉकेट बाभळीकडे वळलं, मग पोटासकट सगळं शरीर टाकीकडे वळलं, आणि बॉल सरळ, उंच निघाला. टाकीच्या पल्याड काही गेला नाही, अर्ध्यात पडला. पण सरळ गेला. अण्णा बराच वेळ तसेच, टाकीकडे छाती करून उभे होते. मग काठी टाकली आणि बाईंच्या पाया पडायला वाकले.

"वाकताना भार टाचांवर ठेवू नका," बाई म्हणाल्या, "मागं बसाल."

त्यानंतरच्या शनिवारी आमच्या कंपनीतली पोरं सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून आली. आयडी बाभळीला दाखव, आयडी टाकीला दाखव. बाईंना ते चाललं. एवढंच म्हणाल्या, "निदान त्या कार्डाचा काहीतरी उपयोग झाला."

रविवारी परतताना बाई मार्केट यार्डात उतरून भाजी घ्यायच्या. एकदा मी त्यांना गाडीतून सोडायला निघालो. मार्केट यार्डात थांबलो, मेथीच्या जुड्या मागच्या सीटवर काठीशेजारी पडल्या, आणि धायरीत त्यांच्या घरी पोचलो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांच्या यजमानांनी, माधवरावांनी उघडलं. किडकिडीत, गोरे, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. एका छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली होती. अजूनही कुठल्या ना कुठल्या प्रकाशकाचे गठ्ठे घरी यायचे आणि ते लाल पेन घेऊन बसायचे.

"या. हिचे विद्यार्थी का?" त्यांनी मला खुर्ची दिली. "हिनं तीस वर्षं मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं. आता संगणकवाल्यांना वाकडं व्हायला शिकवते. सरकारी खर्चानं केलेलं काम स्वखर्चानं पुसायचं चाललंय."

"तुम्ही कधी रेंजवर आलात का?" मी विचारलं.

"काठीनं गोटी मारतात ना? लहानपणी विटीदांडूत पाहिलंय."

मी बोलता बोलता म्हणालो, "बाईंमुळे माझी पाठ आता बरी होऊन राहिली," आणि जीभ चावली. पुण्यात इतकी वर्षं काढूनही आमचं 'होऊन राहिलं' मधेच निसटतं, आणि समोर तर मुद्रितं तपासणारा पुणेकर. पण माधवरावांनी हात वर केला.

"बोला, बोला. ते चूक नाही, ते तुमच्याकडचं आहे. मी फक्त इथल्या लोकांचं दुरुस्त करतो. त्यांना यायला हवं आणि येत नाही." मग आत स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "आता हिचंच बघा. 'वेट शिफ्ट', 'बॉडी टर्न'. एवढी शाळेत बाई होती, पण एकाला मराठी शब्द नाही."

"तुम्ही द्या शोधून!" आतून आवाज आला.

"तू खेळ थांबव, मग देतो."

मला वाटलं, हे दोघं भांडतायत. निघेपर्यंत माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडे गप्पा अशाच मारतात.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई रेंजवर आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाही. अण्णा मला विचारत होते, मी मॅनेजरला. मग बाईंचाच फोन आला. "वानखडे, तुमच्याकडे वजनाचा काटा आहे का? पायाखाली घेतात तो? असला तर आणा. आणि अजून एक कुणाकडून तरी आणा. सारखेच पाहिजेत असं नाही."

दोन काटे घेऊन मी धायरीला गेलो. माधवराव पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. दवाखान्यातून घरी सोडलं होतं, पण डावा हात आणि डावा पाय जुमानत नव्हता, आणि जीभ जड झाली होती. शब्द सगळे जागेवर होते, बाहेर मात्र एकेक करून, घासत यायचे. कपाळावरचा दुसरा चष्मा नव्हता, त्यामुळे ते मला एकदम वेगळेच वाटले.

रोज व्यायामासाठी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी तिथंच होती. तिनंच बाईंना काट्यांची युक्ती सांगितली होती. माधवरावांच्या एकेका पायाखाली एकेक काटा ठेवायचा, म्हणजे कुठल्या पायावर किती भार पडतोय ते दिसतं. एका बाजूनं तिनं, दुसऱ्या बाजूनं मी धरून त्यांना उभं केलं. बाई खाली बसून काटे वाचत होत्या.

"उजव्या काट्यावर अख्खे माधवराव अष्टपुत्रे," त्या म्हणाल्या. "डाव्यावर जेमतेम तांदळाची पिशवी. हा पाय नुसता सोबतीला उभा आहे."

"काकू, घाई नको," मुलगी म्हणाली. "पाय काम करेल, पण त्यांना आधी त्याचा भरवसा वाटला पाहिजे."

"अहो, ऐकलंत का? डाव्या पायावर या."

"तो... माझा... नाही," माधवराव म्हणाले.

"मग कुणाचा आहे? परत करून येते."

मी दर शनिवारी जायला लागलो. धरायला एक माणूस हवाच होता. काट्यावरची तांदळाची पिशवी हळूहळू वाढत होती, आणि बाई रेंजवर जशा मागं लागत तशाच घरीही लागत होत्या. मग एके दिवशी, मी तिथं नसताना, त्यांनी माधवरावांना एकटीनं पॅसेजमध्ये नेलं. फिजिओनं अजून नको म्हटलं होतं. डावा पाय दुमडला आणि माधवराव कोसळले. हाड मोडलं नाही. कपाळाला खोक पडली. पण दोघंही घाबरली ती घाबरलीच.

त्या शनिवारी मी गेलो, तर घर ओळखू येईना. बाई अतिशय गोड बोलत होत्या. "हळू हां. सावकाश. पाणी हवंय का? नको? बरं, राहू दे हो. आज नाही उभं राहिलं तरी चालेल. छान बसलायत." काटे पलंगाखाली सरकवलेले होते. पुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. माधवराव भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. फिजिओची मुलगी निम्मा व्यायाम झोपूनच करून घ्यायची. निघताना मला दाराबाहेर गाठून म्हणाली, "काकांनी मनावर घेतलं नाही तर हे असंच राहील हो. आणि काकूंनाही काय झालंय कळत नाही."

एका शनिवारी बाई खाली औषध आणायला गेल्या होत्या. माधवरावांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"वानखडे... मी... मरतोय का?"

"नाही हो! असं काय बोलता?"

"मग ही... अशी का... बोलते?"

"कशी?"

"गोड." तो एक शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू जिभेवर काहीतरी नासकं आलंय. "चाळीस वर्षांत... कधी... नाही. डॉक्टरनी... हिला... काही सांगितलंय. मला... सांगत नाहीत."

मी किती शपथा घेतल्या तरी त्यांचा विश्वास बसेना. बाई औषध घेऊन आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "उठलात का? वा, छान!" माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. बघा, मी म्हटलं नव्हतं? असं ती नजर म्हणत होती.

मी बाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्या गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मी पाडलं त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडामुळे पडले. आयुष्यभर मी लोकांना ढकलत आले. एकही पडला नाही, म्हणून मला वाटलं की मला येतं."

"पण बाई, त्यांना वाटून राहिलं की ते मरतायत. तुम्ही गोड बोलता म्हणून."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो. मग लक्षात आलं की त्या हसतायत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसतही होत्या. पदर नसल्यामुळे ओढणीनं तोंड पुसून त्या बाहेर आल्या, पलंगाखालचे काटे पायानं बाहेर ओढले आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो अष्टपुत्रे! दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे किती दिवस लटकणार आहात? उठा. मेलात-बिलात नाही. मरायचं असतं तर तुम्ही आधी माझ्या चुका काढून ठेवल्या असत्या."

माधवरावांच्या तोंडाची उजवी बाजू हलली. डावी हलत नव्हती, पण उजवी पुरेशी होती. त्यांनी चांगला हात माझ्याकडे केला.

आम्ही त्यांना काट्यांवर उभं केलं. मी मागून, बाई समोरून, त्यांच्यात आणि माधवरावांत जेमतेम एक वीत अंतर. बाईंचे हात त्यांच्या हातांखाली होते, पण धरलेले नव्हते.

"आता वेट शिफ्ट करा."

माधवराव थांबले. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, पाय दुमडणार.

"भार... पालट," ते म्हणाले.

"काय?"

"वेट शिफ्ट... नाही. भारपालट. मराठीत... सांग. मग करतो."

बाईंनी एक श्वास घेतला. "करा भारपालट."

उजव्या काट्याचा आकडा उतरायला लागला. डाव्याचा चढायला लागला. मी त्यांच्या खांद्यावरून खाली बघून मोठ्यानं वाचत होतो. माधवराव दातांत ओठ धरून, समोर बाईंच्या चेहऱ्याकडे बघत डाव्या पायावर येत होते. आले. काही क्षण तिथं राहिले. मग स्वतःच परत उजवीकडे गेले आणि पलंगावर बसले.

बाई म्हणाल्या, "वाईट नाही."

"दिशा?" माधवरावांनी विचारलं.

"दिशेचं उद्या बघू."

त्यांना बरं व्हायला पुष्कळ वेळ लागला, आणि पूर्ण बरे ते झालेच नाहीत. डावा हात तसाच राहिला. पण चार पायांची काठी टेकत ते घरात फिरू लागले, मग लिफ्टनं खाली येऊ लागले, आणि गठ्ठे पुन्हा घरी येऊ लागले. बाई रेंजवर परतल्या. एकाआड एक आठवड्यानं का होईना. अण्णांनी त्यांच्यासाठी रिक्षा लावून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "बसमध्ये उभं राहिलं की भार आपोआप बदलतो. तुम्हीही या कधी." आमच्या साहेबाची बदली झाली, ऑफिसातली गोल्फची आवड आली तशी ओसरली. माझा खेळ कितपत सुधारला हे कुणी विचारू नये. मी मात्र जात राहिलो.

मग अण्णांनी जागा बिल्डरला दिली. भोवती पत्रे लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी बाई रिक्षातून आल्या, आणि सोबत माधवरावांना घेऊन आल्या. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिथं आले होते. अण्णांनी स्वतः खुर्ची आणून मॅटच्या मागं ठेवली. माधवराव बसले आणि बराच वेळ बघत राहिले. सगळ्या मॅटवर माणसं होती. बॉल जात होते, काही सरळ, बरेचसे वाकडे.

"हे बॉल... परत कोण आणतं?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी गोळा करतात," बाई म्हणाल्या.

"मग... मारता कशाला?"

अण्णा एवढ्या जोरात हसले की दोघा-तिघांचे फटके चुकले. माधवरावांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, चहा घेतला, बाईंनी कुणालातरी मारलेल्या हाकेत एक व्याकरणाची चूक काढली, आणि निघायचं म्हणाले. रिक्षा मॅटच्या रांगेच्या टोकापलीकडे, गवताच्या कडेला उभी होती. मधला सगळा भाग खडबडीत.

ते काठी टेकून उठले. मी हात द्यायला पुढं झालो. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. मग त्यांनी खुर्ची उचलून काखेत मारली आणि माधवरावांच्या एक पाऊल मागून चालू लागल्या.

रेंजवर एरवी काठ्यांची सारखी टपटप चाललेली असते. ती एकेक करत बंद झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आमच्यातले बहुतेक जण काठ्या टेकून, भलतीकडेच बघतोय असं दाखवत उभे होते. माधवराव गवतातून चालले होते. काठी, डावा पाय, उजवा. काठी, डावा, उजवा. निम्म्यावर एका खड्ड्यात डावा पाय अडकला आणि ते थांबले. बाई मागं तशाच, काखेत खुर्ची घेऊन उभ्या होत्या. तोंडातून एक अक्षर नाही. माधवरावांनी त्या पायावर थोडं रेलून पाहिलं, आणखी थोडं रेलले, आणि पाय सुटला. पुढं गेले. रिक्षाची दांडी धरली, पाठमोरे होऊन आत बसले.

बाई आमच्याकडे वळल्या. खुर्ची अजून काखेतच होती.

"काय झालं? बॉल संपले?"

आम्ही घाईघाईनं काठ्या उचलल्या. अण्णांनी धावत जाऊन त्यांच्याकडून खुर्ची घेतली. बाई आत बसल्या आणि रिक्षा सुरू झाली. मागच्या छोट्या काचेतून दोघांच्या माना हलताना दिसत होत्या; बसता बसताच काहीतरी वाद निघाला असावा. ती नगर रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत रेंजवरच्या कुणाचाही एक बॉल धड गेला नाही.